रंग अर्ध्या तासाचा, घासकाम तीन दिवसांचं

गल्लीत वळताना रिक्षा घासून गेली. मागच्या दाराला हातभर ओरखडा आणि त्याच्या मधोमध बशीएवढा पोचा. गाडी गॅरेजला नेली, मिस्त्रींनी दारावरून हात फिरवला आणि चार दिवस सांगितले. आपल्या तोंडून लगेच प्रश्न निघतो : "अहो, एकाच दाराला रंग मारायचाय. अर्ध्या तासाचं काम. चार दिवस कशाला?"

प्रश्न रास्त आहे. एका दारावर रंग फवारायची गन फिरवायला खरोखरच फारसा वेळ लागत नाही. बाकीचा वेळ जातो घासण्यात, थर वाळण्यात आणि पुन्हा घासण्यात. कुणी "संध्याकाळी घेऊन जा" म्हणालं, तर काळजी तेव्हा करायला हवी.

घराच्या भिंतीला डिस्टेंपरचे दोन हात दिले की खालचे डाग, बारीक चिरा बऱ्याचशा दिसेनाशा होतात. त्या सवयीने आपण गाडीकडे बघतो आणि फसतो. भिंतीचा रंग मंद असतो, गाडीचा रंग आरशासारखा. आरसा काही झाकत नाही. पत्र्यावरची नखाला न लागणारी लाटसुद्धा तो ट्यूबलाइटची रेघ वाकडी करून दाखवतो. म्हणून रंगाची गोष्ट पत्र्यापासून सुरू करायची आणि थर चढत वर यायचं.

१. दोन केसांएवढी जाडी

कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी धुतात, फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात आणि मग रंगाच्या प्रचंड हौदात अख्खा बुडवतात. हौदातून वीज सोडली की रंगाचे कण पत्र्याकडे ओढले जातात आणि हात पोचणार नाही अशा सांदीकोपऱ्यांतही जाऊन बसतात. हा थर १६० ते १८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजला जातो. त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर. या शेवटच्या थराला गॅरेजात नुसतं 'क्लिअर' म्हणतात.

जाडी मोजायचं एकक आहे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हौदातला थर साधारण २० मायक्रॉन, प्रायमर ३० ते ३५, रंग १५ ते २० आणि क्लिअर ४० ते ५०. बेरीज शंभर ते सव्वाशेच्या आसपास येते. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर ऊन, पाऊस आणि खारी हवा झेलणारं हे सगळं कवच दोन केसांहून कमी जाडीचं आहे. त्यात डोळ्यांना दिसणारा रंग तर पाव केसाएवढाच.

गॅरेजला हे जसंच्या तसं पुन्हा करता येत नाही. तयार गाडीत वायरी असतात, रबर असतं, प्लॅस्टिक असतं. ती १६० अंशांच्या भट्टीत घातली तर वितळेल. म्हणून गॅरेजची भट्टी ६० अंशांच्या आसपास थांबते आणि रंग कडक करण्याचं उरलेलं काम हार्डनर नावाचं रसायन करतं. ज्या गॅरेजात भट्टी नाही तिथे ते काम हार्डनर आणि वेळ मिळून करतात.

जुनी गाडी घेणाऱ्यांना इथे एक उपयोगी गोष्ट सांगतो. रंगाची जाडी मोजणारं हातात मावणारं यंत्र मिळतं. आकडा शंभर-दीडशेच्या घरात असेल तर रंग बहुधा कारखान्याचाच. तीनशेच्या पुढे गेला तर दार पुन्हा रंगवलेलं आहे. हजाराच्या पुढे गेला तर रंगाखाली खड्डा भरायची पुटी आहे. यंत्र नसेल तर फ्रिजवर चिकटवायचं साधं चुंबक कापडात गुंडाळून दारावर टेकवत जा. जिथे पकड एकदम ढिली होते, तिथे पत्रा आणि चुंबक यांच्यामध्ये पुटीचा जाड थर आहे. बंपर प्लॅस्टिकचा असतो आणि काही गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं, तिथे अर्थातच चुंबक लागत नाही.

२. कागदाचा नंबर आणि पिठाची चाळणी

घासायच्या कागदाला कुणी पॉलिश पेपर म्हणतं, कुणी घासपेपर. पाण्यात भिजवून वापरायचा काळसर कागद म्हणजे वॉटर पेपर. त्याच्या पाठीवर एक आकडा छापलेला असतो : ८०, १८०, ३२०, ४००, १०००. आकडा वाढला की कागद बारीक. नवख्या माणसाचा इथे नेहमी गोंधळ होतो, पण घरातली चाळणी आठवली की प्रश्न सुटतो. रव्याच्या चाळणीला इंचात भोकं कमी, मैद्याच्या चाळणीला जास्त. भोकं जास्त म्हणजे खाली पडणारे कण बारीक. कागदाचा नंबर मुळात असाच, इंचभर चाळणीतल्या भोकांच्या हिशेबाने आला. फार बारीक कण मात्र चाळता येत नाहीत. ते द्रवात सोडून कोण किती लवकर तळाशी बसतं यावरून वेगळे करतात. पावसाळ्यात घागरीतलं गढूळ पाणी निवळतं तेव्हा जड वाळू आधी बसते आणि गाळ शेवटी, तसंच.

८० नंबरचा कण साधारण २०० मायक्रॉनचा, १८० चा ८० मायक्रॉन, ४०० चा ३५, १००० चा १८ आणि २००० चा १० मायक्रॉन. आता मागच्या भागातले आकडे यांच्याशेजारी ठेवा. रंगाचा थर १५ ते २० मायक्रॉन आणि ८० च्या कागदाचा दात २०० मायक्रॉनचा. अख्खा दात पत्र्यात रुतत नाही, थोडासाच रुततो. तरी त्याने पाडलेली चरी रंगाने भरून निघण्यासारखी नसते.

म्हणून कागद क्रमाने बदलत जायचं. पहिला कागद वगळता प्रत्येक कागदाचं काम एकच, आधीच्या कागदाने पाडलेल्या चऱ्या पुसणं. ढोबळ नियम असा धरा की पुढचा नंबर मागच्याच्या साधारण दुप्पट. पुटीला ८०, मग १८०, मग ३२०, प्रायमर चढल्यावर ४०० आणि शेवटी ६०० किंवा ८०० पाण्यातून.

८० वरून थेट ४०० वर उडी मारली तर काय होतं? हाताला दार लगेच गुळगुळीत लागतं, कारण ४०० च्या कागदाने चऱ्यांचे माथे साफ केलेले असतात. तळ तसेच राहतात. प्रायमर त्यांत भरतो आणि त्या दिवशी सगळं सपाट दिसतं. पण प्रायमरमधला थिनर उडून जायला दिवस लागतात. तो जसजसा उडतो तसतसा चरीतला माल आकसतो आणि खाली बसतो. गाडी घरी नेताना चकचकीत असते आणि तीन आठवड्यांनी उन्हात तिरपं बघितलं की समांतर रेघा दिसू लागतात. ग्राहक रंगाला नावं ठेवतो. रंगाचा दोष नसतो, मधला १८० चा कागद वाचवलेला असतो.

नंबराआधी 'पी' हे अक्षर आहे का, तेही बघा. 'पी' असेल तर मोजमाप युरोपीय, नसेल तर बहुधा अमेरिकन. २२० पर्यंत दोन्ही जवळपास सारखी चालतात, पुढे फाटा फुटतो. अमेरिकन ६०० म्हणजे जवळजवळ पी १२००. दोन दुकानांतून आणलेले कागद मिसळले की क्रम बिघडतो तो यामुळे.

३. आधी पुसा, मग घासा

हा भाग छोटा आहे, पण क्रम चुकला तर पुढचं सगळं वाया जातं. गाडीवर तेल, मेण आणि टायर चमकवायच्या पॉलिशमधलं सिलिकॉन बसलेलं असतं. ते न पुसता घासायला घेतलं तर कागद ते उचलून चऱ्यांत दाबून बसवतो. मग वर कितीही पुसा, आतलं निघत नाही. त्यावर रंग पडला की जागोजागी फाकतो आणि माशाच्या डोळ्यांसारखी गोल भोकं उघडतात. म्हणून साबणाच्या पाण्याने धुवायचं, वाळल्यावर तेल काढणाऱ्या द्रावणाने पुसायचं आणि मगच कागद हातात घ्यायचा. पुसताना दोन फडकी लागतात, एक ओलं आणि लगेच मागून फिरवायचं दुसरं कोरडं. एकाच फडक्याने तेल फक्त या टोकाचं त्या टोकाला जातं.

४. पुटीला पाणी लावू नका

पोचा असेल तर आधी डेंटरचं काम. आतून ठोकून किंवा बाहेरून ओढून पत्रा जितका मूळ जागी येईल तितका आणायचा. राहिलेला खड्डा पुटीने भरायचा आणि त्याची खोली दोन-तीन मिलिमीटरच्या आत असावी. बोटभर खड्डा पुटीने लिंपलेला मी पाहिला आहे. वर्षभर टिकतो. मग एखाद्या खड्ड्यात गाडी आदळते आणि पोळीवरचा पापुद्रा सुटावा तसा तो सुटतो.

पुटी म्हणजे पॉलिएस्टर रेझिन आणि टाल्कची पूड. पावडरच्या डब्यात असतं तेच टाल्क. तिच्यात हार्डनरची पेस्ट मिसळली की काही मिनिटांत ती घट्ट होते. प्रमाण साधारण १०० ग्रॅम पुटीला २ ग्रॅम हार्डनर. अंदाजाने पिळण्यापेक्षा स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरा. कमी पडलं तर पुटी आतून कच्ची राहते. जास्त झालं तर उरलेलं रसायन वर झिरपतं आणि पांढऱ्या गाडीवर महिन्याभराने पिवळट डाग उमटतो. डब्यावर लिहिलेला वेळ बहुधा २०-२५ अंशांसाठी असतो. नागपूरला मे महिन्यात तो निम्म्यावर येतो, म्हणून थोडी थोडी पुटी कालवावी. कालवताना घोटू नये, पात्याने दाबून पसरावी आणि पुन्हा गोळा करावी. घोटलं की हवा आत जाते आणि घासताना टाचणीच्या टोकाएवढी भोकं उघडतात.

आता पाणी. आपल्याकडे पुटी पाण्याने घासायची सवय खोल रुजलेली आहे. धूळ उडत नाही, कागद भरत नाही, हात गुळगुळीत चालतो. पण पुटी ही बिस्किटासारखी आहे. वाळल्यावरही तिच्यात बारीक छिद्रं असतात आणि ती पाणी पिते. हे पाणी पत्र्यापर्यंत पोचतं, वरून प्रायमर आणि रंग चढतो, आणि पाणी आत कोंडलं जातं. मी माझ्या पहिल्या गाडीचं दार जुलै महिन्यात असं पाण्याने घासलं होतं. दिवाळीपर्यंत त्यावर मोहरीएवढे फोड आले. एक फोड नखाने उचकटला तर खाली लालसर गंज. अख्खं दार पत्र्यापर्यंत सोलून पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून माझा नियम एकच : पुटी कोरडीच घासायची, पाणी फक्त प्रायमरनंतर.

उघड्या पत्र्याचंही तसंच. घासून चकचकीत केलेला पत्रा मुंबईत किंवा कोकणात पावसाळी रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी त्यावर गंजाची तांबूस झाक दिसते. त्यावरून नुसता हात फिरवला तरी घामातलं मीठ काम सुरू करतं. पत्रा ज्या दिवशी उघडा केला त्याच दिवशी त्यावर एपॉक्सी प्रायमर गेला पाहिजे.

५. ठोकळा, तळहात आणि काळी पावडर

कागद बोटांनी धरून घासला की चार बोटांखाली दाब जास्त पडतो, मधल्या फटींत कमी. दारावर चार उथळ चर पडतात. हाताला कळत नाहीत, रंग चढल्यावर डोळ्यांना कळतात. म्हणून सपाट भागाला कागद ठोकळ्यावर गुंडाळायचा. ठोकळा लाकडी असो की कडक रबराचा, तो खड्ड्यापेक्षा लांब हवा. आखूड ठोकळा खड्ड्यात उतरतो आणि खड्डाच गुळगुळीत करून देतो. लांब ठोकळा दोन्हीकडच्या चांगल्या पत्र्यावर टेकून चालतो आणि उंचवटे तेवढे कापतो. गवंडी भिंतीवर लांब पट्टी ओढतो, तो याच कारणासाठी.

दिशा महत्त्वाची. शेतात कुळवाची एक पाळी उभी घातली की दुसरी आडवी घालतात, म्हणजे एका पाळीचे तास दुसरी मोडते. इथेही तिरपं घासायचं, मग उलट तिरपं. एकाच दिशेने घासत राहिलात तर नाली पडेल.

कुठे उंच, कुठे खोल हे कळायला युक्ती आहे. घासण्याआधी त्या भागावर काळी पावडर चोळायची किंवा लांबून काळ्या रंगाचा नुसता शिडकावा करायचा. मग ठोकळा फिरवायचा. उंच जागेवरचं काळं लगेच जातं, खोल जागेतलं राहतं. राहिलेले काळे ठिपके म्हणजे खड्ड्यांचा नकाशा. तिथे पुन्हा पातळ पुटी द्यायची. ठिपका घालवण्यासाठी तिथेच बोट दाबून घासत बसलात तर खड्डा आणखी खोल होतो. नवशिकी मुलं हे हमखास करतात, आणि त्यांना दोष देता येत नाही. ठिपका दिसतो, तो पुसावासा वाटतो.

नकाशा डोळ्यांसाठी झाला. त्याहून तेज साधन म्हणजे तळहात. मध्ये पातळ सुती फडकं ठेवायचं, हात सपाट टेकवायचा आणि चांगल्या पत्र्यावरून दुरुस्तीवर, तिथून पुन्हा चांगल्या पत्र्यावर असा लांब फिरवायचा. बोटांच्या टोकांना फक्त खरखर कळते, आकार कळतो तो अख्ख्या तळव्याला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी एका वयस्कर पेंटरांना डोळे मिटून हे करताना पाहिलं आहे. "काका, डोळे का मिटता?" विचारल्यावर म्हणाले, "डोळं उघडं असलं की हात डोळ्यांचं ऐकतो बाळा."

जुन्या रंगाच्या कडाही ठोकळ्यानेच उतरवायच्या. ओरखड्याच्या काठावर क्लिअर, रंग, प्रायमर आणि पत्रा एकाखाली एक असतात. नीट उतार दिला की झाडाच्या बुंध्यावर दिसतात तशी वर्तुळं दिसतात. प्रत्येक थराची पट्टी निदान बोटभर रुंद दिसली पाहिजे. पट्ट्या दोऱ्यासारख्या अरुंद असतील तर तिथे अजून पायरी आहे आणि रंगाखालून ती उठून दिसेल.

६. शाईवाला, चिकटपट्टी आणि फर्निचरचा ड्यूको

घासायचा कागद, मास्किंगची चिकटपट्टी आणि झटपट वाळणारा रंग या वस्तू आल्या कुठून? शंभरेक वर्षांपूर्वी घासकाम कोरडंच होई आणि रंगांत शिसं असे. त्या धुळीने कारागीर आजारी पडत. फिलाडेल्फियात शाईचा व्यवसाय करणारे फ्रान्सिस ओकी यांनी पाण्यात न विरघळणारा डिंक वापरून भिजवता येणारा कागद तयार केला. मिनेसोटातल्या एका घासपेपर बनवणाऱ्या कंपनीने, म्हणजे आजच्या थ्रीएमने, तो हक्कांसह घेतला आणि १९२१ मध्ये बाजारात आणला. आपला वॉटर पेपर तो हा.

त्याच कंपनीचा रिचर्ड ड्र्यू नावाचा तरुण हे कागद तपासून घ्यायला सेंट पॉलमधल्या गॅरेजांत जात असे. तेव्हा दोन रंगांच्या गाड्यांची टूम होती. एक रंग मारल्यावर त्यावर वर्तमानपत्र खळीने चिकटवायचं आणि दुसरा मारायचा, ही पद्धत. कागद काढताना पहिला रंगही सोलून यायचा आणि पेंटर वैतागायचे. ड्र्यूने ते पाहिलं आणि १९२५ च्या सुमारास घट्ट बसणारी पण सोलताना रंग न ओढणारी पट्टी तयार केली. मास्किंग टेप जन्मली ती अशी, गाडी रंगवणाऱ्यांची अडचण पाहून.

दोन रंगांची टूम परवडू लागली तेही नव्या रंगामुळेच. त्याआधी गाडीला बग्गीसारखं वॉर्निश लावत आणि ते वाळून पूर्ण व्हायला आठवडे लागत. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ काळ्याच रंगात मिळे. १९२३ मध्ये ड्यूपाँ कंपनीचा 'ड्यूको' हा झटपट वाळणारा रंग जनरल मोटर्सच्या गाड्यांवर आला आणि आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. आपल्याकडे सुतार आजही कपाटाला "ड्यूको मारू का?" असं विचारतात. तो शब्द गाडीवरून फर्निचरवर आलेला आहे.

७. गन हातात घेतल्यावर

रंगाची गन ही घशात औषध फवारणाऱ्या उपकरणाची वंशज. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ॲलन डेव्हिलबिस या डॉक्टरांनी ते उपकरण बनवलं होतं आणि पुढे त्यांच्या मुलाने त्याचीच रंगाची गन केली. तत्त्व साधं आहे : हवेचा झोत द्रवाचे बारीक थेंब करतो. थेंब पत्र्यावर ओलेच पोचले पाहिजेत, म्हणजे एकमेकांत मिसळून सपाट होतात.

गन पत्र्यापासून वीतभर किंवा किंचित कमी, १५ ते २० सेंटिमीटरवर धरायची आणि पत्र्याला काटकोनात. सारवताना हात मनगटातून कमानीसारखा फिरतो. इथे ती सवय सोडावी लागते. मनगटातून गन फिरवली की मधे ती जवळ येते आणि टोकांना लांब जाते. मधे ओघळ येतात, टोकांना खरखर राहते. हात खांद्यापासून सरळ न्यायचा, गरज पडली तर पायही उचलायचे. गनचा घोडा दार सुरू व्हायच्या आधी दाबायचा आणि दार संपल्यावर सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढला पाहिजे, छपरावर कौलं एकमेकांवर चढतात तसा.

क्लिअर किती लागेल? दाराचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर धरू. त्यावर ५० मायक्रॉनचा वाळलेला थर म्हणजे ५० मिलिलिटर माल. पण क्लिअर, हार्डनर आणि थिनर यांच्या मिश्रणात वाळून उरणारा भाग निम्म्याच्या आसपास, म्हणजे १०० मिलिलिटर पत्र्यावर पोचायला हवं. गनमधून निघालेल्या फवाऱ्यातलं निम्मंच दारावर बसतं असं धरलं, तर गनच्या भांड्यात २०० मिलिलिटर लागेल. २ भाग क्लिअरला १ भाग हार्डनर असं प्रमाण असेल, तर साधारण १२५ ला ६२ आणि वर थोडा थिनर. हार्डनर घातला की घड्याळ सुरू झालं. उरलेलं मिश्रण उद्यासाठी ठेवता येत नाही, ते डब्यातच दगड होतं.

एक हात मारल्यावर दुसरा कधी? घाई केली तर खालचा थिनर कोंडतो आणि बुडबुडे येतात. साधारण दहा मिनिटं थांबतात, पण हवा रोज वेगळी असते, म्हणून परीक्षा घ्यायची. शेजारच्या मास्किंग टेपवर उडालेल्या क्लिअरला बोट लावा. तार निघाली तर थांबा. ठसा उमटला पण बोटाला काही लागलं नाही, तर गन उचला. लाडवांच्या पाकात तार आली की आपण पुढे जातो. इथे तार संपली की पुढे जायचं.

चुका ओळखायला शिकलं की उपाय आपोआप कळतो. रंगावर संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडले तर थेंब सपाट व्हायच्या आधीच वाळले : गन लांब होती, माल घट्ट होता किंवा उन्हाळ्यात झटपट उडणारा थिनर वापरला. ओघळ आले तर गन जवळ होती किंवा हात संथ. पावसाळ्यात जुन्या पद्धतीचा, लवकर वाळणारा लॅकर मारताना रंगावर दुधी धुकं येतं, त्याचं कारण माठासारखं आहे. माठातून पाणी उडून जाताना माठ गार होतो. थिनर उडून जाताना पत्राही तसाच गार होतो, आणि दमट हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते. उपाय म्हणजे संथ उडणारा थिनर, किंवा त्या दिवशी काम थांबवणं. मी थांबवतो.

८. चंदेरी रंग जुळत का नाही

पांढरी गाडी रंगवणं सोपं, चंदेरी अवघड. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात, जणू लाखो बारके आरसे. रंग कोरडा पडला तर ते पत्र्याला समांतर निजतात आणि दार उजळ दिसतं. ओला पडला तर बुडून तिरके होतात आणि दार काळपट दिसतं. एकाच डब्यातून दोन पेंटरांनी दोन वेगळे रंग काढले, असं खरोखर घडतं. गाडीवरच्या स्टिकरवर रंगाचा कोड असतो. तोही सुरुवातच देतो, कारण तुमच्या गाडीने पाच-सात उन्हाळे पाहिलेले असतात.

म्हणून मिस्त्री म्हणतात, "साहेब, मागच्या दाराबरोबर पुढच्या दारावरही थोडा रंग न्यावा लागेल." ही पैसे वाढवायची युक्ती असेलच असं नाही. डोळा फरक पकडतो तो रेषेवर. दोन दारांच्या फटीवर रंग एकदम बदलला तर लगेच दिसतो, हळूहळू विरत गेला तर दिसत नाही. रांगोळीत जांभळा गुलाबीत मिसळत नेतात, तसा नवा रंग पुढच्या दारावर विरवत नेतात आणि क्लिअर मात्र अख्ख्या दारावर मारतात.

आणि जुळणी उन्हात बघा. ब्लाउजपीस जुळवताना आई साडी घेऊन दुकानाबाहेर येते, त्यामागे खरं शास्त्र आहे. ट्यूबलाइटखाली सारखे दिसणारे दोन रंग सूर्यप्रकाशात वेगळे निघू शकतात.

९. नाकावरचा रुमाल

सगळ्यांत जास्त तळमळीने सांगायची गोष्ट ही. क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट जातीची रसायनं असतात. १९८४ मध्ये भोपाळमध्ये जो वायू सुटला तो याच कुळातला, मिथाइल आयसोसायनेट. हार्डनरमधली त्याची भावंडं त्या मानाने जड आहेत, सहज उडत नाहीत. पण गन त्यांचं धुकं करते आणि ते धुकं फुप्फुसात जातं. काही कामगारांना यातून दमा जडतो. एकदा शरीर बिथरलं की पुढे अगदी थोडा संपर्कही झटका आणतो, आणि त्या माणसाला हा धंदा सोडावा लागतो.

नाकावर बांधलेला रुमाल हे अडवत नाही. धुळीचा साधा मास्कही नाही. बाहेरून नळीने स्वच्छ हवा देणारा मास्क हे खरं संरक्षण, निदान सेंद्रिय वाफांसाठीचा कोळशाचा, नीट बसणारा आणि वेळेवर बदललेला मास्क तरी हवाच. घराच्या पार्किंगमध्ये, मुलंबाळं आसपास असताना, हार्डनर मिसळलेला रंग फवारू नये. घासकाम घरी करा, प्रायमरपर्यंत हाताने लावता येईल तेवढं करा, पण क्लिअर मात्र रंग फवारायचा बंद बूथ असलेल्या गॅरेजात मारून घ्या. आणि गॅरेज निवडताना रंगाच्या कंपनीचं नाव विचारता तसं गन चालवणाऱ्या मुलाच्या तोंडावर काय आहे, तेही बघा.

१०. शेवटची घासणी

क्लिअर पक्का झाल्यावर त्यावर धुळीचा कण किंवा सालीचा पोत दिसतोच. पाण्यात साबणाचा थेंब टाकून २००० चा कागद, मग ३०००, मग कंपाऊंड लावून मशिनने बफिंग. पण शिल्लक लक्षात ठेवा. क्लिअर ५० मायक्रॉन, आणि उन्हातली अतिनील किरणं अडवायचं काम त्याच्याकडेच आहे. दहा-बारा मायक्रॉनपेक्षा जास्त काढू नये. दाराच्या कडा आणि पत्र्यावरच्या उठावाच्या रेषा यांवर थर सर्वांत पातळ असतो, तिथे आधी टेप लावायची आणि टेपपर्यंतच घासायचं. बफिंगचं चाक एका जागी थांबलं तर रंग भाजतो.

गाडी घरी आली तरी आतला थिनर अजून बाहेर पडत असतो. महिनाभर मेण किंवा पॉलिश लावू नका, नुसत्या पाण्याने धुवा. कबुतराची विष्ठा पडली तर दुपारच्या उन्हाआधी ओल्या फडक्याने उचला, चोळू नका. आणि पहिले काही आठवडे गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्याने हलणारं कव्हर आपल्यावर बसलेली धूळ दिवसभर त्याच दारावर घासत राहतं, कुठल्याही नंबरशिवाय.